देवळीतली बशी

मंचर,
२ फेब्रुवारी

प्रिय भगवंत,

चौदा महिन्यांनी तुझं नाव कागदावर लिहितो आहे. फोन करता आला असता, पण तू उचललास की काय बोलू याची भीती होती. तू चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाटलीस, पण माझं एकही पत्र तुझ्या थैलीत कधी पडलं नाही. येता-जाता भेटणारा माणूस पत्र कशाला लिहील? हे पहिलंच. पुष्पा म्हणते, "आता तरी सरळ लिवा, फळाभर नक्षी काढत बसू नका." तिचं खरं आहे, पण बत्तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाची खोड सहजी जात नाही. तरी ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मला एकच गोष्ट हवी आहे, तू पुन्हा माझ्याशी बोलावंस. आणि हे पत्र वाचल्यावर तू बोलशील अशी आशा मला उरलेली नाही.

गेल्या महिन्यात जन्मभर जमवलेल्या सगळ्या बश्या खोक्यांत भरल्या. एकेक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मधे भाताचा पेंढा कोंबला. पुष्पाला वाटलं, मी विकायला काढल्या. विकायच्या नाहीत आणि ठेवायच्याही नाहीत, काय करायचं ते कळेना म्हणून भरल्या. कपाटाच्या काचेतून आता नुसती मागची भिंत दिसते. सकाळी चूळ भरून मी सवयीनं तिथे जाऊन उभा राहतो. ज्या निळ्या रंगावर जीव ओवाळून टाकला तो आता बघवत नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात एकटाच जातो. गेल्या पावसाळ्यात गल्ल्यावरच्यानं विचारलं, "सर, तुमचं पोस्टवालं पावणं लई दिवस दिसलं न्हाईत?" मी म्हटलं, गुडघे दुखतात त्यांचे. तुझ्या गुडघ्यांच्या नावानं मी बेधडक ठोकून दिलं. खोटं बोलायला मला फारसं जड जात नाही, ते तुला पुढे कळेलच.

आमच्या घरची ती बशी कुठून आली, हे मी तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. माझे पणजोबा जुन्नरकडे कुणा इंग्रज साहेबाच्या घोड्यांना गवत पुरवायचे. साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं जाताना खुशीनं निळ्या-पांढऱ्या कपबश्यांचा एक संच त्यांना दिला. पणजीनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. साहेबानं त्यात काय काय खाल्लं असेल कोण जाणे, आणि पितळेसारखी चिनीमाती चिंच लावून घासता येत नाही की विस्तवात टाकून शुद्ध करता येत नाही. म्हणून तो संच गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत जाऊन बसला. फुटत फुटत माझ्या वेळेपर्यंत त्यातली एक बशी उरली. पातळ, कडेला केसाएवढी चीर, आणि आत निळा पूल, निळी झाडं, होडीत बसलेला एक एवढासा माणूस.

मी पाचेक वर्षांचा असेन. घरातल्या बाकी भांड्यांना कोणीही हात लावायचं. देवघरातल्या टाकांनासुद्धा अंघोळ करून शिवता यायचं. या बशीला मात्र घरातलं कोणीच शिवत नसे. एकदा मी होडीतला माणूस बघायला ती खाली काढली, तर आईनं पाठीत धपाटा घातला आणि कपड्यांसकट माझ्या अंगावर कळशी ओतली. मी रडत रडत मनाशी एकच समजलो की ही बशी फार मोलाची असली पाहिजे. जिला कोणी हात लावायचा नाही ती वस्तू देवाहूनही मोठी असणार, असा त्या वयाचा हिशेब. माझं सगळं वेड तिथून सुरू झालं. हात वळला तो त्या होडीची चित्रं काढत वळला. पुढे चित्रकलेचा मास्तर झालो आणि पहिल्या वर्षी जुन्नरच्या बाजारात गोणपाटावर मांडलेली एक निळी बशी दिसली, ती मी भाव न करता उचलली. ही धपाट्याची गोष्ट मी जो भेटेल त्याला सांगत आलो. तुलाही दहा वेळा सांगितली. फक्त बशी कुठे असायची ते गाळून सांगितली, आणि ती बशी ट्रंकेतून काढून तुला एकदाही दाखवली नाही.

बाकीच्या सगळ्या मात्र तुझ्या साक्षीनं आल्या. तुझी राजुरीला बदली झाली तेव्हापासून खरा जोर आला. सुट्टीला यायचास आणि सायकल भिंतीला टेकवतानाच म्हणायचास, "मास्तर, एक निळी घावलीय. बुडाला अर्धा चांद हाय." मी तुला शिकवलं होतं ना, बशी उजेडाकडे धरायची, पलीकडून बोटांची सावली दिसली तर अस्सल पोर्सिलेन, नाही दिसली तर साधी माती. बुडाशी चंद्रकोर असली तर इंग्लंडातल्या जुन्या कारखान्याची, दोन-अडीचशे वर्षांची. मग आपण दोघं जायचो. मी नवंकोरं स्टीलचं ताट द्यायचो आणि बशी घ्यायचो. लोक खूश व्हायचे, वर म्हणायचे सरांना येड लागलंय. महाळुंगे पडवळच्या माळावर तो मेंढरंवाला ज्योतिबा आठवतो? दोनशे वर्षांच्या ताटलीत कोकराला दूध पाजत होता. मी ताटली मागितली तर म्हणाला, "कोकरू पिऊन हुस्तवर थांबा की राव." आपण दोघं बांधावर बसून हसत राहिलो. भगवंत, तसं हसणं पुन्हा माझ्या नशिबी नाही.

आणि डिंभ्याच्या धरणात घरं गेली, तेव्हा एका घराचं छप्परसुद्धा उतरवून नेलेलं होतं. पाटा-वरवंटा नेला, उंबरा उखडून नेला, पण मागच्या भिंतीच्या देवळीत एक बशी तशीच ठेवलेली. तू मला बरोबर तिथेच नेलंस. घराचा म्हातारा म्हणाला, "न्या मास्तर, ते घरात न्हाई चालत." मी ती पुसून पिशवीत घातली, आनंदानं माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तू माझ्यामागून चालत होतास आणि म्हणालास, "चला, आणखी एक कमी झाली." मी म्हटलं, अरे, कमी कशी, वाढली!

पोस्टमन पायरीवर उभा राहतो, पत्र देतो आणि निघतो. त्याला लोकांच्या घरातल्या बश्यांचं बूड कुठून दिसणार? बशी हातात घेऊन उलटी केल्याशिवाय अर्धा चांद दिसत नाही. म्हणजे ती तुझ्या हातात दिलेली असणार. अंगणात उभं राहून तू त्यात चहा प्यालेला असणार, मग स्वतः विसळून पालथी घातलेली असणार, आणि पालथी घालताना माझी आठवण काढून तिचं बूड बघितलेलं असणार. गावोगाव चांगली माणसंही होती, तुला ओट्यावर बसवून पेल्यात चहा देणारी. पण जिथे निळी बशी होती, तिथे ती कुणासाठी होती हे तू मला न सांगता सांगत होतास. विटाळाची भांडी तू हुडकलीस आणि मी ती कौतुकानं काचेआड मांडली. आमच्या घरी तू कधी चिनीमातीच्या कपात चहा घेतला नाहीस. पुष्पाकडे स्टीलचा पेला मागायचास, म्हणायचास त्यात गरम राहतो. मला हे कधी उमगलंच नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो.

मग चौदा महिन्यांपूर्वीचं ते बश्यांचं प्रदर्शन. शाळेच्या सभागृहात लाल मखमल, आतून दिवे, माझ्या डोक्याला फेटा. तू तुझ्या आईला रिक्षातून घेऊन आलास, शहाऐंशी वर्षांची, नात वृषालीच्या खांद्यावर हात ठेवून चालणारी. मधल्या कपाटात मी आमच्या घरची बशी ठेवली होती आणि खाली माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "मानाच्या पाहुण्यांची बशी. हिला हात लावण्याची घरात कोणालाही परवानगी नव्हती." तुझी आई वाकली, काचेला नाक लावलं आणि बोळक्या तोंडानं खुदकन हसली. "अगं बया, ही तर माजी बशी! हौशा, गोठ्यातल्या देवळीतली न्हवं का ही? हितं काचंत बसलीय व्हय?" तिला खरंच गंमत वाटली होती रे. वृषालीनं तेवढ्यात खालची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. आजूबाजूला पाहुणे, वर्तमानपत्रवाले, फोन वर धरलेली पोरं. तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी तुझ्या आईला म्हणालो, "सरूबाई, तुमची नजर अधू झालीय. ती दुसरी होती."

ती म्हणाली, "आसंल बाबा. म्हातारपनी समदंच सारखं दिसतं." माझा कमीपणा तिनं आपल्या डोळ्यांवर घेतला. तू तिचा हात धरलास आणि तिला घेऊन निघून गेलास. भांडला असतास, चार शिव्या घातल्या असत्यास, तर बरं झालं असतं. मी मागून आलोही नाही, कारण पाहुण्यांचं भाषण व्हायचं राहिलं होतं.

तुझी आई वारल्याचं मला हॉटेलात कळलं, गल्ल्यावरच्याकडून. वस्तीपर्यंत आलो होतो. विहाराच्या कोपऱ्यावरून तू लोकांसाठी खुर्च्या मांडताना दिसलास, पाठ वाकलेली. तुझ्या एकट्याच्यानं खुर्च्या उचलल्या जात नव्हत्या. मी पुढे झालो नाही. तसाच मागे फिरलो आणि वाटेत बसथांब्यावर बसून रडलो. लोक बघत होते.

गुरुवारी वृषाली आली. पोरगी दारातच काका म्हणून गळ्यात पडली. तिनं सांगितलं, जायच्या आदल्या दिवशी आजीनं तुला जवळ बसवलं आणि म्हणाली, "हौशावर राग धरू नगंस. त्याला ठावंच न्हवतं. म्या च्या प्यायला जायची तवा त्यो साळंत आसायचा. त्येला खरंच दुसरी वाटली आसंल." आणि तू ते मानलंस. पुढच्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, त्यात काकांनी दोन शब्द बोलावेत, मी स्वतः घ्यायला येतो, असा तुझा निरोप. मी लगेच हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी आनंदात होतो. दाढी केली, पांढरा सदरा इस्तरीला दिला, पुष्पाला दोनदा चहा करायला लावला. मग भाषण लिहायला बसलो आणि "सरूबाईंनी मला मुलासारखी माया लावली" या पहिल्याच ओळीवर हात थांबला. तोच कागद उलटा करून हे पत्र लिहायला घेतलं.

भगवंत, तुझी आई माझ्यासाठी खोटं बोलून गेली. मी शाळेत नसायचो. आपण सहावीत होतो त्या उन्हाळ्यात ती आमच्या रानात कांदे काढायला यायची आणि तू मामाकडे गेला होतास. आई चुलीपाशी अडकलेली असायची, म्हणून किटली माझ्या हातात द्यायची आणि बजावायची, "वरनं वत. लागू दिऊ नगंस." तुझी आई देवळीतली बशी स्वतः काढायची, धुवायची, गोठ्याच्या पायरीखाली उकिडवी बसून दोन्ही हातांनी पुढे धरायची आणि मी उभ्यानं वरून ओतायचो. चहा तिच्या बोटांवर उडायचा. ती हात हलवायची नाही, हलवला असता तर बशी किटलीला लागली असती. हे मी एकदा नाही, सगळा हंगामभर केलं. बशीला कोणी का शिवत नाही, ते मला त्या उन्हाळ्यात पक्कं कळलं. तरी जन्मभर मी पाच वर्षांच्या पोराचीच गोष्ट सांगत राहिलो, कारण ती सोयीची होती. तुला प्रत्येक बशी कशी सापडते हेही मला कळत होतं. आणि प्रदर्शनाच्या वेळी मी आधी खरी चिठ्ठी लिहिली होती, ज्यांना आम्ही घरात घेत नव्हतो त्यांना यात चहा देत असू, अशी. पुष्पा म्हणाली हीच ठेवा. मोठे पाहुणे येणार म्हणून मी ती फाडली. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो, लेकरू नव्हतो. न कळत्या पोराला तू माफ केलंस, पण ते पोर तुझ्या आईनं माझ्यासाठी रचलेलं आहे. तिच्या कार्यक्रमात उभं राहून मी ते खरं ठरवलं, तर मेल्यावरसुद्धा तिला माझ्यासाठी मान खाली घालायला लावल्यासारखं होईल. तेवढं माझ्याच्यानं होत नाही. म्हणून हे पत्र रविवारच्या आधी तुझ्या हातात पडावं अशा बेतानं टाकतो आहे. मला घ्यायला येऊ नकोस. दोन शब्द बोलायला दुसऱ्या कुणाला सांग. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर मला पोचलं असं समज.

आजवर स्वतःला तुझाच म्हणवत आलेला,
हौशीराम